सांगशाक, १:३५ : प्रकल्प नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५

ठरलं, सांगशाकच्या लढाईचा छोटा देखावा करायचा. पाच माणसं, एक खंदक, प्रमाण १:३५. पाट २५ बाय २० सेंटीमीटरचा, म्हणजे खऱ्या जमिनीवर पावणेनऊ मीटर बाय सात मीटर.

जंगलातल्या लढाईचा देखावा म्हटला की बहुतेक जण पावसाळा करतात. चिखल, जळवा, ओलेचिंब कपडे, चकचकीत पानं. सांगशाकची लढाई मार्च १९४४ च्या अखेरीला झाली, मणिपूरच्या डोंगरात, पाऊस सुरू व्हायच्या आधी. चिंदविन नदी ओलांडून जपानी सैन्य इंफाळ आणि कोहिमाच्या दिशेने निघालं होतं. उखरुलच्या बाजूला ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती, तीही जंगलातल्या लढाईच्या सरावासाठी आलेली. तिच्या दोन पलटणी, १५२ आणि गुरख्यांची १५३. आणि तिच्या जोडीला दिलेली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण, म्हणजे ४/५ मराठा. समोर आली जपानी ३१ व्या डिव्हिजनची ५८ वी रेजिमेंट. तांगखुल नागांच्या त्या डोंगरमाथ्यावरच्या गावात आपले लोक वेढ्यात अडकले. काटेरी तार नव्हती. तीनेक फूट खणलं की खडक लागायचा. पाणी फारच थोडं. विमानातून टाकलेली रसद बरीचशी वेढ्याबाहेर जाऊन पडली आणि जपान्यांच्या हाती लागली. २६ मार्चच्या रात्री निघायचा हुकूम आला, तोवर ते टिकून राहिले. तेवढ्या दिवसांत इंफाळ आणि कोहिमाला तयारीला वेळ मिळाला.

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं मणिपूरच्या डोंगरावर तहानेनं लढली आणि त्यांचा एकही पुतळा मला कुठल्या खोक्यात मिळत नाही. म्हणून हे काम.

रविवार, १२ जानेवारी

१:३५ मध्ये मराठा शिपायांचा हवा तसा संच मिळाला नाही, तेव्हा जोडकाम. तामियाच्या 'आठव्या आर्मी'च्या संचातली वाळवंटातली माणसं घेतली, कारण त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आहेत आणि हात उघडे आहेत. पण त्यांना चड्ड्या आहेत. कमरेत कापून खाली युरोपातल्या ब्रिटिश पायदळाच्या संचातले लांब विजारीचे पाय जोडले. सांधा एम-सीलनं भरला. सहा तासांनी पाण्यात बुडवलेल्या दातकोरणीनं पट्ट्याच्या वरच्या चुण्या कोरायला गेले, तर एम-सील दगड झालेलं. पुढच्या वेळी दीड तासातच हात घालायचा.

पायाच्या पट्ट्या मास्किंग टेपच्या दीड मिलिमीटर रुंद पट्ट्या कापून गुंडाळल्या. इंग्रजांनी हा शब्द आपल्याकडूनच उचलला, त्यामुळे त्या नीट आल्याच पाहिजेत. गुंडाळी घोट्यापासून वर, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धा चढलेला. दहा पायांना अख्खी संध्याकाळ गेली.

रायफली बदलल्या. युरोपातल्या संचात नंबर ४ आहे, तिची नळी लाकडाच्या पुढे बोटभर बाहेर येते. भारतीय पलटणींच्या हातात बहुतेक करून जुनी नंबर १ मार्क ३ असायची, ईशापूरच्या कारखान्यातली, बोथट नाकाची. वाळवंटवाल्यांच्या संचातून त्याच काढून लावल्या. मशीनगन ब्रेन.

शनिवार, १८ जानेवारी

सकाळी साडेसहाला गच्चीवर जाऊन प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मारला आणि दोन माणसं खराब केली. इंदूरच्या रामबागेत आज चांगलंच गारठलं होतं. डबाही थंड, आतला दाब कमी, फवारा बारीक यायच्या ऐवजी थेंब थेंब आला. चेहऱ्यावर रवा भुरभुरल्यासारखं झालं. दुपारी डबा पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवला (कोमटच, गरम कधीही नाही), खूप हलवला आणि वीतभर अंतरावरून मारला. तेव्हा नीट बसला. रवाळ झालेली दोन माणसं १००० नंबरच्या ओल्या पॉलिश कागदानं घासून पुन्हा घेतली. नाकं शाबूत आहेत.

काळा प्रायमर सगळीकडून, मग वरच्या बाजूनं फक्त पांढऱ्याचा हलका हात. ऊन कुठून येतं ते त्यानं आधीच कळतं.

रविवार, २६ जानेवारी

चेहरे सुरू केले आणि थांबवले.

खोक्यावर लिहिलं होतं तसा कातडीचा रंग घेतला. कुपीवर 'फ्लेश' असंच छापलेलं. लावल्यावर मराठा शिपाई दिसेना. गावाहून सुट्टीवर आलेला कुठला तरी गोरा पोरगा दिसला. त्यात तपकिरी मिसळलं तर मातकट झाला, आजारी दिसायला लागला. आणखी मिसळलं तर काळपट गुलाबी. तीन तास गेले. गुलाबीच्या पायावर तपकिरी कातडी उभी राहत नाही, कारण खालचा गुलाबी प्रत्येक उजळ जागेतून वर येतो. हे मला आज पक्कं कळलं आणि फार वाईटही वाटलं, कारण आजवर रंगवलेल्या सगळ्या भारतीय शिपायांना मी हाच पाया दिला आहे. कपाटातले ते बारा जण आता बघवत नाहीत.

रविवार, २ फेब्रुवारी

पाचही चेहरे आणि हात डेटॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवले. ॲक्रिलिक सुटून येतं. जुना टूथब्रश डेटॉलमध्येच बुडवून घासायचं, मधेच पाण्याखाली धरायचं नाही. पाणी लागलं की सुटलेला रंग चिकट गोळा होऊन चुण्यांमध्ये रुततो. पूर्ण निघाल्यावरच साबणपाणी. प्रायमर बराचसा टिकला. घरभर दवाखान्याचा वास.

रविवार, ९ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी होणार.

बाबा दुपारी गच्चीत उन्हात बसतात. त्यांचं वय ७४, पन्नास वर्षं सायकल चालवली, अर्ध्या बाह्यांचा सदरा. मी म्हटलं, "बाबा, घड्याळ काढून हात जरा इथे ठेवा." त्यांनी काही न विचारता हात पाटावर ठेवला आणि पेपर दुसऱ्या हातात धरला.

घड्याळाच्या पट्ट्याखाली कातडी गव्हाळ, किंचित पिवळी. तिच्या दोन बोटं वर तांबूस तपकिरी. हाताच्या पाठीवर, शिरांच्या मधे, भाजलेल्या दाण्याच्या सालीचा रंग. बोटांच्या पेरांवर तोच, पण निळसर काळपट. बाही वर सरकवली तर दंड पुन्हा गव्हाळ. एकाच हातावर चार रंग, आणि सीमारेषा एकही नाही, फक्त घड्याळाची तेवढी. मग त्यांनी हात उलटा केला. तळवा गुलाबी! गुलाबी तळवा, आणि त्यावरच्या रेषा तपकिरी. नखांखालीही गुलाबी.

म्हणजे त्या कुपीला जागा आहे. तळव्यावर, नखांवर, खालच्या ओठाच्या आतल्या कडेला. एवढंच.

बाबांच्या हाताशेजारी ताटली ठेवून रंग जुळवला. पाया बर्न्ट अंबर आणि थोडा गडद लाल. त्यावर सॅडल ब्राउन. त्यावर बेज ब्राउन. उजळ करायला पांढरा अजिबात नाही, पांढऱ्यानं तपकिरी कातडीवर राख फासल्यासारखी दिसते. उजळायला पिवडी, म्हणजे यलो ऑकर, आणि अगदी शेवटच्या ठिपक्याला हस्तिदंती. नाकाचं टोक, गालाचं हाड, खालच्या पापणीची कड, बस. सावलीला काळा नाही, अंबरमध्ये जांभळ्याचा थेंब.

रंग दुधाइतका पातळ करून सहा-सात हात दिले. प्रत्येक हात वाळेपर्यंत पुढच्याच्या चेहऱ्यावर जायचं, असं पाच जणांत फिरत राहिले. चौथ्या फेरीला ब्रेनवाल्याचा चेहरा जिवंत झाला. मी बाबांना भिंग दिलं. ते बराच वेळ बघत होते. "हा आपल्याकडचा आहे," म्हणाले. "घाटावरचा. कोकणातला नाही." मग उरलेल्यांपैकी दोघांना मी एक हात पिवडीचा जास्त दिला.

दाढी : पाच-सहा दिवसांची वाढलेली. गोऱ्या चेहऱ्यांवर लोक निळसर करडा लावतात, तो इथे चालत नाही. काळपट तपकिरी, पाण्यासारखा पातळ, जबड्यावर आणि वरच्या ओठावर. मिशा वेगळ्या, गडद. डोळ्यांना पांढरा नाही, मळका हस्तिदंती, तोही नुसती रेघ. झोप नसलेल्या माणसाचे डोळे मोठे उघडत नाहीत.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

खजुरी बाजारातून दोन शून्य नंबरचे ब्रश आणि बटर पेपर. स्टीलच्या पसरट डब्यात ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग. झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही रंग ओला. इंदूरची हवा आता कोरडी व्हायला लागली आहे, ताटलीवरचा थेंब दोन मिनिटांत कातडं धरतो.

रविवार, १६ फेब्रुवारी

हिरवा.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर आधी खाकी होती, मग जंगल ग्रीन आला. काही खाकी कपडे नुसते हिरव्यात बुडवून रंगवले गेले. त्यामुळे एकाच तुकडीत हिरवे सारखे दिसत नाहीत. नवा कपडा निळसर गडद हिरवा, आणि उन्हाघामात वापरून राखाडीकडे झुकलेला. मी पाच जणांना पाच हिरवे दिले. पाया एकच, गडद हिरवा, काळा, निळ्याचा थेंब. मग कुणात करडा जास्त, कुणात पिवडी. नाईकाचा सदरा नवा ठेवला, ब्रेनवाल्याचा विटलेला, खांद्यावर जवळजवळ मुगाच्या सालीचा.

इथेही पांढरा नाही. हिरव्यात पांढरा घातला की पुदिन्याची चटणी होते. पिवळट खाकी घालून उजळायचं.

आणखी एक गोष्ट. एवढ्या लहान आकारावर खरा रंग खऱ्यापेक्षा गडद दिसतो. नमुन्याच्या पट्टीवर बरोबर वाटलेला हिरवा माणसावर काळाच वाटला. दोन छटा फिकट घेतला, तेव्हा जमला.

पट्टे, पाऊच, पाठपिशवी : १९३७ नमुन्याचं जाड सुती कापड, खाकी. हिरव्यावर तो खाकी उठून दिसतो, म्हणून कडांना धुळीचा कोरडा ब्रश.

पाठीवर आणि काखेत घामाचे डाग करायचे होते, पण केले नाहीत. पाणीच प्यायला नाही तर इतका घाम कुठून येईल? त्याऐवजी जुना वाळलेला घाम, म्हणजे पांढरट मिठाची कड. काखेखाली आणि पट्ट्याच्या वर, केसाएवढी.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज दिवसभर एकच वस्तू. पाण्याची बाटली.

देखाव्याचा मध्य हाच आहे. एक शिपाई खंदकाच्या भिंतीला टेकून बसला आहे, नाईक त्याच्या तोंडाला बाटली लावतो आहे. बाटली खरी कशी होती? लोखंडी पत्र्याची, वर निळं मुलाम्याचं एनॅमल, त्यावर खाकी फेल्टचं आवरण, तोंडाला बूच, बूच दोरीनं बांधलेलं. १:३५ मध्ये ती साडेपाच मिलिमीटर.

फेल्टसाठी पायाच्या खाकी रंगात थोडा खाण्याचा सोडा मिसळून ठिपक्या-ठिपक्यांनी लावला. खरखरीत पोत आला. गळ्याशी आणि खालच्या कोपऱ्यात फेल्ट झिजलेलं दाखवलं आणि आत निळा, आणि निळ्याच्या आत एका जागी टवका उडून गंजाचा ठिपका. बुचाची दोरी म्हणजे शिवणाच्या दोऱ्याच्या पिळातला एक धागा, फेव्हिकॉलमध्ये ओढून ताठ केलेला. तीन वेळा तुटला. चौथ्यांदा बूच लोंबकळलं, जसं पिताना लोंबकळतं.

संपूर्ण पाटावर निळा रंग एवढाच आहे. डोळा तिथे जातो.

रविवार, २ मार्च

माती. कुंडीतली माती चाळून घेतली, वाळवली, टाकली आणि लगेच कळलं की हा माळवा आहे. काळी कापूस माती वाळली की भेगा पडतात, रंग शाईसारखा. मणिपूरच्या डोंगरावर ही कशी चालेल? सगळी खरवडून काढली. सियागंजातून प्लास्टर, काव आणि पिवडी आणली. प्लास्टरमध्ये बारीक वाळू, काव एक भाग, पिवडी दोन, फेव्हिकॉलचं पाणी. वाळल्यावर फिकट तांबूस पिवळी झाली. धूळ म्हणून त्यातलीच कोरडी भुकटी मऊ ब्रशनं, माणसांच्या गुडघ्यांवर, कोपरांवर, बुटांवर. मातीचाच रंग माणसावर गेला की माणूस तिथला होतो.

खंदकाची खोली आज ठरवली. तीन फूट म्हणजे ९१ सेंटीमीटर, ३५ नं भागून २६ मिलिमीटर. साडेपाच फुटी माणूस ४८ मिलिमीटर. उभा राहिला तर कमरेवरचा सगळा बाहेर. आकडे कागदावर होते तोवर काही वाटलं नाही. खंदक कोरून पहिला शिपाई आत ठेवला आणि त्याची छाती मातीच्या वर आली, तेव्हा मात्र हात थांबला. सगळ्यांना गुडघ्यावर आणायला लागणार. उभा होता त्याचे पाय कापून वाकवले.

खंदकाच्या तळाशी खडक. थर्माकोल तोडून करतात तो खडक मला पटत नाही. पातालपाणीच्या धबधब्याला गेले होते तेव्हाच्या दगडाच्या चपट्या कपच्या होत्या, त्या बसवल्या आणि वरून करडा-तपकिरी पाण्याचा रंग सोडला. एका कपचीवर कुदळीच्या घावाचे पांढरे ओरखडे.

रविवार, ९ मार्च

मधे दोनदा विचार केला की पडलेली माणसं दाखवायची का. सांगशाकला वेढ्याच्या आत जागा अपुरी होती, मेलेली माणसं आणि तोफखान्याची खेचरं तिथेच होती. हे खरं आहे. तरीही मी मृतदेह करणार नाही. कोपऱ्यात एक खोगीर ठेवलं आहे, नुसतं, पट्टा तुटलेलं.

झाडं. माथा बराचसा उघडा, जंगल उतारावर. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या आणि काड्या ही खुरट्या झुडपांची खोडं. गवत नारळाच्या काथ्याचं, एकेक केस टोचून, पिवडीत रंगवून. मार्चमधलं गवत हिरवं नको.

उतारावर मागे एक झाड, त्यावर अडकलेली रसदेची हवाई छत्री. पावणेनऊ मीटरच्या पाटात लांब कसं दाखवणार? झाड आणि छत्री १:७२ मध्ये केली, माणसांच्या निम्म्या आकारात, आणि त्यांचे रंग फिके, निळसर. डोळा फसतो, झाड दूर जातं. छत्री जुन्या मलमलीच्या ओढणीच्या तुकड्याची, फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवून फांद्यांवर टाकलेली. पाचवा शिपाई तिकडेच बघतो आहे.

रविवार, १६ मार्च

पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार काका राहतात, बरीच वर्षं महूच्या लष्करी छावणीत होते. बाबांनी त्यांना बोलावून आणलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पाटाशी नाक नेलं. रायफलीच्या पट्ट्याची कडी उलटी आहे म्हणाले, बरोबर होतं. मग नाईकाकडे बोट केलं.

"हा बाटलीकडे बघतोय. चूक आहे, ताई. पाणी कमी असलं ना, की देणारा बाटलीकडे बघत नाही. पिणाऱ्याच्या गळ्याकडे बघतो. किती घोट गेले ते गळ्यावर मोजतो. पाचांना पुरवायचं असतं."

मी काही बोललेच नाही. ते गेल्यावर बारीक करवतीनं नाईकाची मान कापली, डोकं साताठ अंश खाली आणि डावीकडे वळवून पुन्हा बसवलं. फट एम-सीलनं भरली. मानेचे रंगाचे सगळे सात हात पुन्हा दिले. पिणाऱ्याचा कंठ किंचित वर उचलला, ब्रशच्या दांड्यानं एम-सीलचा मोहरीएवढा थेंब. त्यावर एक उजळ ठिपका.

आता दोघांमध्ये काहीतरी चाललं आहे. याआधी ते नुसते शेजारी होते.

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. काल रात्री मॅट वॉर्निश मारलं आणि पाट खिडकीजवळ वाळत ठेवला, मोठी चूक. राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, संपून लोक परतत असताना गुलाल वर उडाला आणि खिडकीच्या फटीतून आत आला. ब्रेनवाल्याच्या उजव्या खांद्यावर आणि खोगिरावर गुलाबी कण चिकटले. पुसायला गेले तर पसरले असते, म्हणून पूर्ण वाळू दिलं, मग धारदार पात्याच्या टोकानं एकेक कण उचलला. खांदा पुन्हा रंगवला. खोगिरावरचा एक कण सापडला नव्हता, तो रात्री बॅटरीच्या उजेडात दिसला.

रविवार, २३ मार्च

बारीकसारीक कामं. हेल्मेटच्या जाळ्या पट्टीच्या जाळीदार कापडाच्या. दोघांना हेल्मेट नाही, लोकरी टोप्या आहेत, डोंगरावरच्या थंडीसाठी. रिकाम्या काडतुसांसाठी पितळी तारेचे तुकडे, ब्रेनच्या खाली आणि उजवीकडे, कारण तिची काडतुसं खालून बाहेर पडतात.

बुधवार, २६ मार्च

८१ वर्षं झाली. ऑफिसातून आल्यावर फक्त माणसं पाटावर कायमची चिकटवली. बुटाच्या तळव्यात तार घालून प्लास्टरमध्ये, कडेला मातीची भुकटी. ब्रेनवाला शेवटी.

रविवार, ३० मार्च

गुढीपाडवा. पितळी पट्टीवर अक्षरं कोरून आणली आहेत : 'सांगशाक, मार्च १९४४. ४/५ मराठा.' समोरच्या कडेला बसवली. काचेची पेटी अजून व्हायची आहे, ३० बाय २५ बाय २२ सांगितली आहे, झाड मागे असल्यामुळे उंची जास्त लागते. तोवर उरलेली मलमलीची ओढणी वर टाकून ठेवायची.

कपाटातले जुने बारा जण काढून डेटॉलच्या बरणीत टाकले आहेत.

बाबा सकाळपासून भिंग घेऊन खंदकापाशी बसले आहेत. श्रीखंड वाढलं आहे, दोनदा हाक मारून झाली.